पट्टीवर कोरलेले आकडे

आबांनी मशीन आधी दाखवलंच नाही. खताच्या रिकाम्या पोत्यातून त्यांनी सिल्व्हर ओकची एक चकती काढली आणि मिस्त्रींच्या टेबलावर ठेवली. चकती एका कडेला चार बोटं जाड होती, तर दुसऱ्या कडेला जेमतेम दोन.

"बगा, चेन नवीकोरी हाय. पन मशीन सरळ जातच न्हाई, उजवीकडं वडतंय."

मिस्त्रींनी चकती उजेडाकडे धरली आणि कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. "आबा, चेन घेताना जुनी दाखवली होती का?"

"दाखवली की. शेजारी लावून कड्या मोजून दिली त्यानं. चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर."

"आनि जाडी?"

आबा गप्प राहिले. जाडी असते, हेच त्यांना माहीत नव्हतं.

महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी मे महिन्याच्या अखेरीस बसलो होतो. एका भिंतीशी फवारणीचे पंप आणि गवत कापायची यंत्रं होती, दुसऱ्या भिंतीशी झाडं कापायची सात-आठ मशीनं. चेनसॉ हा शब्द इथे फक्त खोक्यावर छापलेला असतो. बोलताना 'कटर' म्हणतात, नाहीतर नुसतं 'मशीन'. त्याची साखळी ती चेन, आणि चेन जिच्यावरून धावते ती पोलादी पात म्हणजे पट्टी. पावसाआधीच्या या पंधरवड्यात जुनी मशीनं एकेक करून या शेडमध्ये येतात, आणि तक्रार बहुतेकांची एकच असते: इंजिन चांगलं आहे, पण कापत नाही.

या तक्रारीशी माझी ओळख जुनी आहे. वडिलांनी घेतलेलं एक मशीन आमच्या घरी आहे. काही वर्षांपूर्वी त्याची चेन तुटली, तेव्हा मी शहरातल्या एका दुकानात जाऊन 'अठरा इंची चेन द्या' एवढंच म्हणालो. मिळालेली चेन सव्वातीन दशांश जातीची निघाली, म्हणजे ०.३२५ इंच पिचची. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर. आमचं मशीन ३/८ इंच पिचचं. चेन पट्टीवर बसल्यासारखी दिसली, पण स्प्रॉकेटच्या, म्हणजे इंजिनकडून चेनला फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांत बसेना. मी जोर लावला. मशीन सुरू होताच चेन दातांवर चढली, निसटली आणि झाकणाला आतून खोल ओरखडा पाडून गेली. हात वाचला, एवढंच नशीब. दोष दुकानाचा नव्हता. मी विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

* * *

हा विषय महाबळेश्वरात महत्त्वाचा का, ते इथल्या पावसातून आणि रस्त्यांतून कळतं. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस इथे पडतो. वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही पडत नाही. २०२१ च्या जुलैत, २२ आणि २३ तारखेच्या चोवीस तासांत, महाबळेश्वरात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला. जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ असतो. झाडांची मुळं खोल जाण्याऐवजी पसरतात, आणि आठ-दहा दिवस संततधार लागली की ती माती झाडाला धरून ठेवू शकत नाही.

इथलं मूळचं जंगल जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा यांचं. ते वाऱ्याशी जुळवून वाढलेलं, बुटकं आणि घट्ट आहे. रस्त्यांच्या कडेला आणि बंगल्यांच्या आवारात मात्र उंच सिल्व्हर ओक उभे आहेत. हे झाड मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियातलं. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांच्या नावाशी तिथल्या सिल्व्हर ओकची ओळख जोडलेली आहे. झाड सरळ वाढतं आणि सुंदर दिसतं, पण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. वादळी पावसात रस्त्यावर आडवं झालेलं झाड अनेकदा हेच असतं.

गावातून बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच: वाईकडे पसरणी घाट, मेढ्याकडे केळघर घाट, पोलादपूरकडे आंबेनळी, आणि कोयनेच्या पाण्याकडे उतरणारा तापोळ्याचा रस्ता. रात्री तापोळा रस्त्यावर झाड पडलं आणि पलीकडच्या वाडीत कुणी बाळंतपणाला अडलं, तर सरकारी यंत्रणा पोचण्याआधी जवळच्या घरातलं जुनं मशीनच कामी येतं. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी रस्ते मोकळे केले ते याच यंत्रांनी. वर घाटमाथ्यावर अशी वादळं थोडी; पण दर पावसाळ्यात दोन-चार रात्री तशाच असतात.

पण आधी एक गोष्ट नीट सांगायला हवी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. इथे उभं झाड, खासगी जमिनीतलंही, परवानगीशिवाय तोडता येत नाही. राज्याचा १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा त्याहून जुना आहे. मी या लेखात ज्या मशीनबद्दल लिहितो आहे, ते पडलेल्या झाडासाठी, धोकादायक ठरून रीतसर मंजुरी मिळालेल्या फांदीसाठी, आणि अडलेल्या रस्त्यासाठी आहे. ज्याला जंगलाची चाड आहे त्यानंच हे अवजार नीट सांभाळावं, असं मला मनापासून वाटतं. बोथट चेन झाडाला वाचवत नाही. ती फक्त माणसाला धोक्यात घालते.

* * *

मिस्त्रींनी आबांच्या मशीनचं झाकण काढलं. पट्टीच्या मागच्या टोकाला काळं, घट्ट झालेलं तेल आणि भुसा यांचा थर होता. रॉकेलच्या फडक्यानं तो पुसल्यावर खाली बारीक आकडे दिसायला लागले. "हे वाचायचं," ते म्हणाले, "आनि मग दुकानात जायचं."

आकडे तीन आहेत, आणि तिन्ही जुळावे लागतात. पहिला पिच. चेनवर लागोपाठचे तीन रिव्हेट घ्यायचे, पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं आणि दोननं भागायचं. छोट्या मशीनवर १/४ इंच, घरगुती आणि मध्यम मशीनवर ३/८ लो-प्रोफाइल किंवा ०.३२५, मोठ्यांवर पूर्ण ३/८, आणि थोराड जुन्या मशीनवर ०.४०४. लो-प्रोफाइल ३/८ आणि पूर्ण ३/८ यांचं नाव एक असलं तरी चेन वेगळ्या आहेत. लो-प्रोफाइलची कडी बुटकी असते, दोन्हींची अदलाबदल करायची नाही.

दुसरा आकडा जाडीचा, म्हणजे गेज. चेनच्या खालच्या बाजूला जे दात पट्टीच्या खाचेत उतरून धावतात, त्यांची जाडी. १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर अशा चार जाड्या बाजारात चालतात. आबांचं मशीन स्टिल बनावटीचं होतं. त्या कंपनीच्या ०.३२५ चेनची नेहमीची जाडी १.६. हस्कवर्नाच्या त्याच पिचच्या चेन १.३ किंवा १.५ जाडीच्या असतात. रोलमधून मोजून कापून दिलेली आबांची नवी चेन १.५ ची होती. पिच बरोबर, कड्या बरोबर, जाडीत दशांश मिलिमीटरचा फरक. जाड चेन बारीक खाचेत जातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. बारीक चेन रुंद खाचेत सहज बसते, धावतेही, आणि आत डुलत राहते. ही चूक कळते ती थेट चकतीवर.

तिसरा आकडा खालच्या दातांच्या संख्येचा. इंचावर विसंबायचं नाही ते याच कारणानं. ०.३२५ पिचच्या अठरा इंची पट्टीला एका कंपनीच्या मशीनवर ७२ दातांची चेन लागते, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर ७४ ची. आपल्याकडे गावोगाव दिसणाऱ्या ५८ सीसीच्या चिनी मशीनवर बावीस इंची पट्टीला ८६ आणि वीस इंचीला ७६ दात लागतात. चेन फरशीवर पसरून खडूची खूण करून एकदा मोजली, की काम झालं.

पट्टीवरचे आकडे झिजून गेले असतील, तर चेन स्वतःच बोलते. ओरेगन बनावटीच्या चेनवर खालच्या दातावर नंबर ठोकलेला असतो: २०, २१, २२ म्हणजे ०.३२५ पिच आणि अनुक्रमे १.३, १.५, १.६ जाडी, ७२, ७३, ७५ म्हणजे पूर्ण ३/८ आणि त्याच क्रमानं तीन जाड्या, ९१ म्हणजे लो-प्रोफाइल आणि १.३. स्टिलच्या चेनवर खालच्या दातावरचा एकच अंक जाडी सांगतो: १ म्हणजे १.१, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६. मिस्त्रींनी भिंग काढलं आणि आबांच्या नव्या चेनवरचा अंक त्यांना दाखवला. २१. "बावीस पायजे व्हती, आबा."

* * *

पण प्रकरण चेनवर संपलं नाही. मिस्त्रींनी पट्टीच्या खाचेत जाडी मोजायचं पान घातलं. मधल्या भागात खाच १.६ ऐवजी १.८ च्याही पुढे उघडली होती. मग पट्टी काचेवर उभी केली, तर ती एका बाजूला कलली: खाचेच्या दोन भिंतींपैकी एक दुसरीपेक्षा खाली झिजली होती. चेन ज्या बाजूला कलते, काप त्या बाजूला वळतो. आणि खाचेची खोली? ०.३२५ आणि ३/८ साठी ती किमान ६ मिलिमीटर हवी, लो-प्रोफाइलसाठी ५, ०.४०४ साठी ७. याहून उथळ झाली की चेनचे दात खाचेच्या तळाला घासतात, आणि मग पट्टी टाकायचीच.

पट्टी अशी का झिजते? बहुतेक वेळा ती उलटी केलेलीच नसते. चेन खालच्या कडेनं कापते, म्हणून झीज एकाच कडेला होते. दर वेळी चेन काढली की पट्टी फिरवून बसवायची, एवढ्यानं तिचं आयुष्य कितीतरी वाढतं. दुसरं कारण स्प्रॉकेट. त्यावर अर्धा मिलिमीटर खोल खाचा पडल्या की ते बदलायचं. दोन चेन झिजल्या की एक स्प्रॉकेट, असा मिस्त्रींचा हिशोब. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालणं म्हणजे जुन्या जात्याला एक नवी तळी लावून वरची जुनीच ठेवणं. पीठ जाडंभरडंच येणार.

म्हणून जुन्या मशीनसाठी सुटी चेन घेणं हा अर्धवट खर्च आहे. स्प्रॉकेट, चेन आणि पट्टी हा एक संच धरावा. पट्टी बदलायची झाली, तर आकड्यांखेरीज मागच्या टोकाची बैठकही जुळली पाहिजे: बोल्टाची खाच किती रुंद, ताण देणाऱ्या खिळीचं भोक कुठे, आणि तेलाचं भोक मशीनच्या तेलवाटेसमोर येतं की नाही. तेलाचं भोक थोडं जरी चुकलं, तरी पट्टी बसते, चेन फिरते आणि तासाभरात कोरडी पडून निळी होते. जुनी पट्टी नव्या पट्टीवर ठेवून तिन्ही भोकं एकमेकांवर येतात का हे पाहण्यासारखी खात्रीची पारख दुसरी नाही.

* * *

आता प्रश्न निवडीचा. मशीनला काय बसतं ते आकडे सांगतात. महाबळेश्वरात काय वापरावं, ते इथली माती सांगते.

चेनच्या कापणाऱ्या दाताचा कोपरा दोन प्रकारचा असतो. एक चौकोनी, काटकोनात दुमडलेला. तो स्वच्छ, मऊ लाकडात फार वेगानं जातो. दुसरा किंचित गोलाई दिलेला. तो थोडा सावकाश जातो, पण माती लागली तरी धार धरून ठेवतो. घाटरस्त्यावर पडलेलं झाड चिखलात लोळलेलं असतं. सालीत तांबडी माती घुसलेली असते, खाली जांभ्याचे खडे असतात. चौकोनी दाताची चेन अशा झाडात दहा मिनिटं नीट चालत नाही. इथे गोलाईचा दात घ्यावा. अंजनीसारख्या लोखंडी लाकडालाही तोच टिकतो.

चेनच्या कापणाऱ्या दाताचा जन्मही एका झाडातच झाला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये एका खोडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना त्यानं पाहिली. आपल्याकडे आंब्याच्या खोडात शिरणाऱ्या भिरुडाच्या जातकुळीचीच ती समजा. तंतूंच्या दिशेनं असो की आडवं, ती सारख्याच सहजतेनं पुढे जात होती, कारण तिचे जबडे आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे चालत होते. तोवरच्या चेनचे दात करवतीसारखे ओरबाडत. कॉक्सनं डावा-उजवा असा आलटून पालटून ढलपे काढणारा वाकडा दात बनवला आणि १९४७ पासून तो विकायला लागला. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक चेनवर त्याच कल्पनेचा दात आहे. भिरुडाला आपण बागेचा वैरी मानतो. पण त्याच्या जबड्यात केवढं कसब आहे, हे त्याच्याशी आयुष्यभर झुंजणाऱ्या बागायतदारालाही मान्य करावं लागेल.

लांबीबद्दल मिस्त्रींचं मत ठाम होतं आणि मला ते पटलं. आपल्याकडे पट्टीची लांबी ही मशीनची इभ्रत समजली जाते. पण दहा-बारा वर्षं वापरलेल्या इंजिनाचा दाब कमी झालेला असतो, तेलाचा पंप थकलेला असतो. त्यावर पूर्ण लांबीची पट्टी घातली की टोकापर्यंत तेल पोचत नाही आणि चेन लाकडात अडखळते. जुन्या मशीनला एक-दोन पायऱ्या आखूड पट्टी द्यावी: बावीसच्या जागी अठरा, अठराच्या जागी सोळा. दोन्ही बाजूंनी कापलं तर सोळा इंची पट्टीनं त्याच्या दुपटीच्या जवळपास जाडीचं खोड कापता येतं. आखूड पट्टीचा झटकाही सावरायला सोपा. पट्टीच्या नाकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की मशीन उसळून माणसाच्या तोंडाकडे येतं. या उसळीला आवरणारा चेन-ब्रेक सत्तरच्या दशकात मशीनवर आला. ज्या मशीनला तो नाही किंवा चालत नाही, त्यावर कितीही चांगली पट्टी घातली तरी ते वापरात आणू नये.

आणि तेल. या मशीनमधलं चेनचं तेल परत टाकीत येत नाही. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाचीही टाकी जवळपास संपते आणि ते सगळं भुशात, मातीत, पाण्यात जातं. पैसे वाचवायला अनेक जण गॅरेजचं जळकं ऑइल घालतात. त्यात धातूचा बारीक कीस असतो. तो खाचेला घासतो, पंपाला खातो, आणि मातीत विष पेरतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम जिथे पुजला जातो त्या डोंगरावर आपण हे करतो. वेण्णा तलावाचं पाणी महाबळेश्वर आणि पाचगणी पितात. ऑस्ट्रियानं १९९० च्या दशकातच खनिज तेल चेनला वापरायला बंदी घातली आणि निसर्गात विघटन होणारं तेल सक्तीचं केलं. आपल्या डोंगरानंही तसा आग्रह धरावा, एवढी ही गोष्ट मोठी आहे. निदान जळकं ऑइल तरी घालायचं नाही, हे प्रत्येकानं आजच ठरवता येण्यासारखं आहे.

* * *

आबांनी नवी पट्टी सोळा इंची घेतली. स्प्रॉकेट बदललं. चेन एक घ्यायची होती, मिस्त्रींनी दोन घ्यायला लावल्या: "पावसात रस्त्यावर बसून कानस मारनार का? एक मशीनवर, एक खिशात." दोन्ही ६७ दातांच्या, गोलाईच्या. ०.३२५ साठी ४.८ मिलिमीटरची गोल कानस त्यांनी सोबत दिली आणि तीस अंशांचा कोन दाखवला: प्रत्येक दाताला सारखेच हात, आतून बाहेर, आणि डावे-उजवे दात सारख्या लांबीचे. एका बाजूचे दात आखूड झाले की पुन्हा काप वाकडा. चेन थंड असताना ताणायची, पट्टीच्या खालच्या कडेला ती टेकलेली पण हातानं फिरणारी हवी. काम संपलं की सैल करायची, कारण गरम झालेली चेन थंड होताना आखडते.

मग त्यांनी स्वरच बदलला. "आबा, झाड पडलं म्हंजी मेलं न्हाई. त्याच्यात ताकद आसती." वाकून अडकलेल्या खोडाची एक बाजू दाबलेली असते, दुसरी ताणलेली. दाबलेल्या बाजूनं आधी थोडं, मग ताणलेल्या बाजूनं; उलट केलं तर पट्टी आत चिमटते, माणूस ती हिसकतो, आणि मग पट्टीची खाच फाकते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की बुंध्याचा गड्डा आपल्या वजनानं परत खड्ड्यात उभा राहू शकतो. त्याच्या मागे कुणी उभं नसावं, पोरंसोरं तर नाहीच. आबा कान देऊन ऐकत होते. चकती अजून टेबलावरच होती.

निघण्याआधी मिस्त्रींनी एक लहानसं काम केलं. झाकण पेट्रोलनं पुसून कोरडं केलं आणि पिवळ्या ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं, त्यावर लिहिलं: ०.३२५, १.६, ६७. "आता तुमी नसला तरी पोरगा दुकानात जाऊन बरोबर आनील," ते म्हणाले. आबांनी पेंट वाळेपर्यंत मशीन हातात धरून ठेवलं, पोत्यात घातलं नाही.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी वडिलांचं मशीन माळ्यावरून काढलं. पट्टी पुसली, चेन फरशीवर पसरली, खडूनं खूण केली आणि दात मोजले. झाकणाच्या आतला तो ओरखडा अजून तसाच होता. त्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे वडिलांचा हात असायचा तिथे, मी आमचे तीन आकडे लिहिले.